न बदललेला स्टीयरिंग रॅक आणि चुकते केलेले बिल

पॉवर स्टीयरिंगची गळती थांबवण्याच्या नावाखाली माझ्याकडून एका स्टीयरिंग रॅकचे, म्हणजे स्टीयरिंग फिरवल्यावर पुढची चाके वळवणाऱ्या यंत्रणेचे, पैसे घेण्यात आले, आणि तो रॅक कधी बदललाच गेला नाही. हे लिहिताना संताप आहेच, पण त्याहून अधिक लाज वाटते, कारण गाडीचे बॉनेट उघडणे मला नवीन नाही. सगळ्या तेलांच्या पातळ्या मी दर महिन्याला स्वतः पाहतो, आणि म्हणूनच स्टीयरिंग ऑइल 3 आठवड्यांत किमान खुणेच्या खाली गेल्याचे वेळेवर लक्षात आले.

गॅरेजमधल्या माणसाने गाडी लिफ्टवर चढवली, टॉर्चचा झोत रॅकवर टाकला आणि तेलाने माखलेला भाग दाखवून ‘रॅकचे सील गेले’ असे जाहीर केले. तेल वरून खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथेच गळती असेल असे नाही, तर ओल्या भागातले सर्वांत वरचे ठिकाण शोधावे लागते. हे मला ठाऊक होते. एवढेच नव्हे, तर स्टीयरिंग ऑइलच्या टाकीकडे परत जाणाऱ्या रबरी पाइपच्या क्लिपखालून एक चकचकीत लालसर ओघळ थेट रॅकपर्यंत उतरलेला मी त्याच टॉर्चच्या उजेडात पाहिला होता. मी रॅकच्या टोकाचे रबरी बूट, म्हणजे टोक झाकणारे रबराचे आवरण, दाबूनही पाहिले, तर ते आतून कोरडे होते आणि चुरमुरत होते. रॅकच्या टोकाचे सील फुटले की तेल आधी त्या बुटात साठते आणि दाबल्यावर बूट फुग्यासारखे डचमळते. हात पुसता पुसता मी तोंड उघडणार, एवढ्यात त्याने गाडी खाली घेतली, स्टीयरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवून तसेच दाबून धरले आणि पंपाचा घरघराट ऐकवून म्हणाला, “साहेब, हा पंप आता जायच्या बेतात आहे.” स्टीयरिंग टोकाला दाबून धरले की दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि चांगला पंपही असाच कण्हतो. ते मला घरी पोहोचल्यावर आठवले. त्या क्षणी मात्र, भर रस्त्यात स्टीयरिंग जड झाले तर काय, एवढाच विचार डोक्यात होता. आणि ब्रेक किंवा स्टीयरिंगच्या बाबतीत घासाघीस करण्याचे धैर्य किती जणांना होते, हे मला हसणाऱ्यांनी स्वतःला विचारून पाहावे.

एकूण रक्कम सांगून मी आणखी हसे करून घेणार नाही, पण तिची फोड सांगतो : दर 100 मधले 61 रॅकचे, 24 मजुरीचे, 11 पंप खोलून सील बदलल्याचे आणि 4 तेलाचे. व्हील अलाइनमेंटचा त्यात उल्लेखही नव्हता. रॅक बदलला की टाय रॉडची (रॅक आणि चाके जोडणाऱ्या दांड्यांची) टोके काढून पुन्हा बसवावी लागतात आणि चाकांची दिशा नव्याने जुळवावी लागते. ती ओळ बिलात नसणे हाच पुरावा माझ्या हातात होता, आणि तो घडी घालून मी खिशात ठेवला.

40 दिवसांनी वेगळ्या ठिकाणी अलाइनमेंटला गेलो, तेव्हा तिथल्या कारागिराला टाय रॉडचे लॉक नट हलेनात. दोन्ही बाजूंना कित्येक वर्षांचा गंज धरलेला होता. रॅक बदलताना हे नट सोडवावेच लागतात. नवीन म्हणावी अशी एकच वस्तू त्याला सापडली, ती म्हणजे परतीच्या पाइपवरची क्लिप. गळती खरोखर थांबली होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. ती त्या एका क्लिपने थांबली होती.

त्यानंतर तक्रारीसाठी मी 3 कार्यालयांत मिळून 11 खेपा घातल्या. पहिल्या ठिकाणी हा दोघांमधला व्यवहार असल्याचे सांगून माझा अर्ज वाचण्याआधीच परत दिला. गाडी बनवणाऱ्या कंपनीने, ते गॅरेज आमचे अधिकृत नसल्याने आमचा संबंध नाही, असे 2 ओळींत कळवले. तिसऱ्या कार्यालयाने अर्ज घेतला, पण दुरुस्तीपूर्वीच्या स्थितीचा तज्ज्ञ अहवाल मागितला. दुरुस्तीपूर्वीची स्थिती दुरुस्तीनंतर कोणता तज्ज्ञ पाहणार, असे विचारल्यावर समोरच्या गृहस्थांनी छापील नियमावर बोट ठेवले आणि चहा मागवला. गंजलेल्या नटांची छायाचित्रे मी 2 वेळा सादर केली आणि दोन्ही वेळा ती ‘अस्पष्ट’ ठरली, तीही फाइल न उघडता.

गाडी दुरुस्तीला देण्याआधी रॅक, पंप आणि पाइप यांवर रंगाचा ठिपका द्या, तारखेसह फोटो काढा आणि जुना भाग परत मिळेल असे एस्टिमेटवरच लिहून घ्या. ओला भाग आधी डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) धुऊन कोरडा केल्याशिवाय कोणाचेही निदान मान्य करू नका; नंतर खाली पुठ्ठा ठेवून, इंजिन चालू करून, दुसऱ्याला स्टीयरिंग दोन्हीकडे वळवायला सांगा, पण टोकाला काही क्षणांहून जास्त धरू देऊ नका. दाबाच्या पाइपवर गळती शोधण्यासाठी चालू इंजिनात हात फिरवू नका, तिथे वळवताना 70 ते 100 बारपर्यंत दाब असतो आणि तेल गरम असते. गळती बंद करणारे बाटलीतले औषध सील थोडे फुगवते. सैल क्लिपवर किंवा फाटलेल्या पाइपवर त्याचा उपयोग नाही. आणि तुमच्या गाडीचे स्टीयरिंग पूर्णपणे विजेच्या मोटरवर चालत असेल, तर त्यात बदलण्यासारखे तेलच नसते, तरीही बिलात ते दिसले तर तिथूनच परत फिरा.

शेवटच्या खेपेला मला पुरावा म्हणून ‘जुना सुटा भाग’ जमा करण्यास सांगण्यात आले. तो अजून गाडीतच बसवलेला आहे आणि गाडी बाहेर उभी आहे, असे मी सांगितले. वाहन आवक विभागात स्वीकारले जात नाही, असे उत्तर मिळाले.