महाडीबीटी की एज्युकेशन लोन: दोन्ही करून बसलोय म्हणून सांगतो

परवा साडूंचा फोन आला, त्यांच्या मुलीचं कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, इंजिनिअरिंगला जवळपास नक्की होतंय. म्हणाले साडूभाऊ, तुमच्या घरात दोन्ही प्रकार झालेत, मी लोन काढू की तो महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरचा, स्कॉलरशिपचा फॉर्म भरत बसू? अर्धा तास बोललो पण फोनवर निम्मं सुटतंच, म्हणून नीट लिहून काढतो.

आमचं असं झालं, की मोठ्याला 2017 साली लोन काढलं आणि धाकटीला 2023 पासून महाडीबीटीवरून राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, जिला घरात सगळे अजून ईबीसीच म्हणतात. मोठ्याच्या वेळी पर्याय नव्हताच, त्याची सीट इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे कॉलेजने स्वतः भरलेली होती आणि ही शिष्यवृत्ती कॅप राउंडमधून गेलेल्यालाच मिळते. हे फॉर्म भरायला बसल्यावर कळलं तर चिडचिड होते, म्हणून आधीच सांगतो. मॅनेजमेंट कोटा असेल किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, सरळ बँकेत जा.

लोनला लोकं उगाच घाबरतात असं मला वाटतं. चार लाखांपर्यंत तारण नाही, आपला वाटाही भरावा लागत नाही, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार. साडेसात लाखांपर्यंत सरकारची हमी योजना असते त्यामुळे नियमाप्रमाणे तारण मागू नये, मागतात ती गोष्ट वेगळी. शिवाय लोनमध्ये होस्टेल, मेस, लॅपटॉप सगळं बसतं आणि पैसे कॉलेजला वेळेवर जातात, ऑफिसात हात जोडून उभं राहावं लागत नाही. हा फायदा छोटा नाहीये. आता केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी ही कर्ज योजना पण आलीये, नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झाली, सुरुवातीला निवडक 860 संस्थांसाठी, त्यात तारणही नाही आणि जामीनदारही नाही. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण आणि त्यापुढचं एक वर्ष व्याजात 3 टक्के सवलत, पण ती दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ मिळत नसेल तरच. म्हणजे ही सवलत आणि शिष्यवृत्ती दोन्ही घेऊ असा हिशोब करत असाल तर तो जमत नाही.

व्याजाचं मात्र आम्ही सपशेल चुकलो. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नाही म्हटल्यावर मी समजून चाललो की व्याज पण थांबलंय. थांबत नाही, ते बाजूला साचत राहतं. दरवर्षी एक लाख असे चार वर्षांत चार लाख उचलले, दर अकराच्या आसपास, तर पहिल्या लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन, सगळं मिळून साधारण दीड लाख व्याज 2022 मध्ये मुद्दलात जाऊन बसलं. साडेपाच लाख, दहा वर्षं, महिन्याला साडेसात हजारांच्या वर हप्ता. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असतं तर या काळातलं व्याज केंद्राच्या योजनेतून भरलं गेलं असतं पण माझा दाखला साडेपाचच्या वर, म्हणजे गरीबही नाही आणि निवांतही नाही, आपल्यासारख्यांचं नेहमीचंच. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर बऱ्याच बँका एक टक्का सूट देतात, ते केलं असतं तर बरं झालं असतं. आयकराच्या कलम 80ई मध्ये आठ वर्षं व्याजाची वजावट मिळते, ती पण जुनी कर पद्धत ठेवली तरच.

पण खरं सांगायचं तर मला व्याजाने नाही कंटाळा आणला. व्याज हा हिशोब आहे, तो मांडता येतो. मला कंटाळा आणला त्या शाखेने, म्हणजे दर वर्षी तिथं जाण्याने. आधी कॉलेजजवळच्या शाखेत गेलो तर म्हणाले तुमचा पत्ता गावचा आहे, तिकडच्या शाखेत जा. गावच्या शाखेत म्हणाले कॉलेज पुण्यात आहे ना, मग तिथं सोयीचं पडेल. दोन्हीकडे खुर्ची दिली, पाणी दिलं आणि परत पाठवलं. शेवटी गावात झालं, आणि मग दर जुलैला तोच कार्यक्रम, कॉलेजचं डिमांड लेटर मूळ प्रत, गोल शिक्का, मागच्या वर्षीची पावती, मार्कशीट, आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा.

जुलै 2019, तिसऱ्या वर्षाच्या कर्जाचा हप्ता उचलायचा होता. मॅडमनी मार्कशीट घेतली, पेनाचं टोक एकेका विषयावरून खाली आणलं आणि मध्येच थांबवलं. "एम-थ्रीला केटी आहे, तुम्हाला माहितीये ना?" म्हणजे गणिताचा विषय राहिलाय. मला घरी सांगितलं होतं सगळं क्लिअर. मी हो हो म्हटलं. मागे रांगेत आमच्याच गल्लीतले एक जण पासबुक धरून उभे, त्यांनी लगेच दुसरीकडे बघितलं, म्हणजे त्यांनी नक्की ऐकलं. हप्ता मिळाला, एका केटीने काही अडत नाही, मॅडम बिचाऱ्या चांगल्याच होत्या. पण घरी जाताना वाटलं की पोराचा निकाल मला एका काउंटरवर कळतोय आणि का, तर मी तिथं पैसे मागायला उभा आहे. पोराला मी त्या दिवशी काही बोललो नाही. धाकटीच्या वेळी पुन्हा तिथं जाऊन उभं राहायचं नाही एवढं मात्र ठरलं.

म्हणून 2023 ला धाकटीचं कॅपमधून झाल्यावर मी बँकेचं नावच काढलं नाही. आता ईबीसी म्हणजे फार सुखाचं आहे असं काही नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, घरातल्या दोनच मुलांना मिळते, आणि मिळतं ते फक्त ट्यूशन फी आणि परीक्षा फीवर. तिची ट्यूशन फी 96 हजार, त्याचे निम्मे म्हणजे 48 हजार माफ, पण वर डेव्हलपमेंट फी 14 हजारांच्या पुढे, ती पूर्ण आपली. लोकं एकूण फीचं निम्मं धरतात आणि मग ऑफिसात भांडतात. आमच्या कॉलेजने आधी पूर्ण फीच मागितली. मी सरकारी निर्णयाची प्रिंट घेऊन गेलो, तिथल्या क्लार्कने ती न वाचताच ड्रॉवरमधून हमीपत्राचा छापील नमुना काढून दिला, म्हणजे माझ्यासारखे रोज येत असणार. शिष्यवृत्ती आली नाही तर उरलेली फी आम्ही भरू, सही. निम्मी भरली, त्यातले थोडे पतसंस्थेतून घेतले आणि वर्षभरात फेडून टाकले.

फॉर्म एकदा सेंड बॅक, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आला, रेशनकार्डाचं मागचं पान राहिलं होतं. स्कॅन 256 केबीच्या आत बसवता बसवता धाकटी वैतागली पण ते घरात बसून, रात्री साडेअकराला, चहा घेत. कुणी मागे रांगेत नव्हतं.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो आधारचा आणि त्यात चूक आमचीच. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि पैसे कुठल्या खात्यात पडणार ते वेगळं, ज्या खात्याला शेवटचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारची जोडणी झाली, तिथंच ते पैसे जातात. धाकटीने मध्ये एकदा नवीन सिमकार्ड घेतलं तेव्हा दुकानदाराने अंगठा घेता घेता एक खातं पण उघडून दिलं होतं, आमच्या कुणाच्या लक्षातही नाही. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता तिथं गेला. आम्ही दीड महिना पासबुक भरून आणतोय आणि पैसे कुठंच नाहीत. शेवटी आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं तेव्हा उलगडा झाला. फॉर्म भरायच्या आधी हे दोन मिनिटांचं काम नक्की करा.

दुसऱ्या वर्षी तर चित्रच बदललं, जुलै 2024 च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के, आधीपासून शिकत असलेल्यांना पण, नूतनीकरण केलेलं असेल तर. धाकटी ईडब्ल्यूएसमध्ये बसते. भरायची राहिली ती डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ. साडूंची पण मुलगीच आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत मला तरी फार विचार करण्यासारखं दिसत नाही, पण मुलगा असता आणि होस्टेलला राहणार असता तर मी एवढं ठाम बोललो नसतो. होस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, फॉर्म त्याच पोर्टलवर, पण नुसत्या त्याच्यावर मेसचं गणित मांडू नका. वर्ष बुडालं तर शिष्यवृत्ती पण थांबते, तिथं लोन जास्त सांभाळून घेतं हेही मान्य. आणि थोडं लोन, बाकी शिष्यवृत्ती असं पण करतात लोकं, ज्यांना लांब राहायचंय त्यांना ते बरं पडत असेल.

साडूंना म्हटलं, आज उद्यात सेतूत जाऊन उत्पन्नाचा दाखला टाका, जुन्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते आणि ॲडमिशनच्या दिवसांत तहसीलला पाय ठेवायला जागा नसते. ईडब्ल्यूएसचा दाखला पण लगेच त्याच्याबरोबर. ते म्हणाले आणि लोनचं काय, नुसती चौकशी करून ठेवू का? म्हटलं ठेवा की, चौकशीला पैसे पडत नाहीत.

मोठा आता नोकरीला आहे, हप्ता तोच भरतो, अजून बरीच वर्षं आहेत. पण खात्याला मोबाईल नंबर माझा दिलेला, त्यामुळे दर महिन्याच्या 5 तारखेला सकाळी मेसेज मला येतो. नंबर बदलायचा तर दोघांनी मिळून मूळ शाखेत यावं लागेल म्हणाले. ते राहिलंय अजून.