थ्रॉटल बॉडी साफ करायला दिली आणि २२,९०० रुपयांना बसलो

बावीस हजार नऊशे रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी मी पंधरा सांगितला होता आणि खरा आकडा बायकोला यूपीआयच्या मेसेजवरून कळला. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. सुताच्या बिलात दोन रुपयांचा फरक निघाला तरी पार्टीला फोन लावणारा माणूस. त्या माणसाला सोलापुरातल्याच एका मिस्त्रीने गंडवलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, तक्रार दाखल आहे.

गाडी २०१७ ची, पेट्रोल. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मालक, थ्रॉटल बॉडी लई काळी झालीय. साफ करून टाकू, बाराशेत होईल." थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात किती हवा जायची ते झडपेने ठरवणारा पार्ट. यात खोटं काही नव्हतं, कार्बन खरंच साचला होता. खोलताना पोराच्या हातून स्क्रूड्रायव्हर निसटला आणि बोल्टच्या भोकाजवळ ॲल्युमिनियमवर तिरका ओरखडा उठला. मी त्याला दोन शब्द ऐकवले आणि फोटो काढून पुण्याच्या मेव्हण्याला पाठवला, 'बघ किती घाण होती' म्हणून. हा फोटो लक्षात ठेवा.

गाडी परत घेतली आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा, तमाशा सुरू. आरपीएम १,८०० वर, मग सपकन ५००, परत वर. एसी लावला की इंजिन बंद. सात रस्त्याच्या सिग्नलला, एप्रिलच्या उन्हात, मागे रिक्षावाल्यांचे हॉर्न आणि मुलगी शाळेच्या गणवेशात घामाघूम. अशा वेळी समोरचा म्हणतो ते माणूस ऐकतो. तुम्हीही ऐकलं असतं.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, डोकं हलवलं. "थ्रॉटल बॉडी गेली, मालक. साफ करताना कधी कधी सेन्सर उडतो. नवीन टाकावी लागेल." पावती अशी: थ्रॉटल बॉडी १४,५००, आयडल मोटर ३,२००, प्रोग्रामिंग २,५००, मजुरी १,५००. आधीचे १,२०० वेगळे. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वाढेल, तुमचंच नुकसान. पैसे त्याच्या भावाच्या नंबरवर.

आता जे कळलं ते ऐका. थ्रॉटलमध्ये कार्बन साचला की हवेची वाट अरुंद होते, म्हणून गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, झडप थोडी जास्त उघडी ठेवायला शिकतो. साफ केली की वाट मोकळी होते, पण ईसीएमचा हिशेब जुनाच. हवा जास्त जाते, आरपीएम चढतो, ईसीएम तो खाली ओढतो, आणि ही ओढाताण चालू राहते. म्हणजे साफ केल्यावर आयडल बिघडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. स्कॅनर (ईसीएमशी जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून आयडलचं लर्निंग करून द्यायचं, म्हणजे ईसीएमला नवा हिशेब शिकवायचा, झालं. काही गाड्या इग्निशन चालू-बंद करण्याच्या ठरावीक पद्धतीने शिकतात, काही थोडं चालवल्यावर आपोआप. हे या मिस्त्रीला माहीत नव्हतं? त्याच्या टेबलावर स्कॅनर पडलेला मी स्वतः बघितलाय.

आणि ती आयडल मोटर! माझ्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबलच नाही, थ्रॉटल विजेच्या वायरवर चालतो. आयडल तीच मुख्य झडप सांभाळते. वेगळी आयडल मोटर केबलवाल्या जुन्या गाड्यांत असायची. जो पार्ट गाडीत नाहीच त्याचे ३,२०० रुपये मी मोजून दिले.

मला राहून राहून आठवतो तो गाडी ताब्यात घेतानाचा क्षण. त्याने नवीन पार्टचा खोका दाखवला. रिकामा. चिकटपट्टी पिवळी पडलेली, कोपरा दबलेला, आत प्लास्टिकची पिशवीसुद्धा नाही. मी म्हटलं, जुना पार्ट द्या. तो म्हणाला, "एक्स्चेंजवर आहे मालक, कंपनीला परत जातो." बॉनेट उघडंच होतं. पार्ट चकाचक. बोल्टच्या भोकाजवळ एक तिरकी रेघ होती. ती मी बघितली. खरंच बघितली. पण इंजिन ८०० वर गपगार चालत होतं, एसी गार हवा देत होता आणि कारखान्यात मार्चअखेरच्या फायली अजून मिटल्या नव्हत्या. चालू झालेल्या गाडीसमोर उभं राहून भांडण कोण उकरतो?

थोड्या दिवसांनी एसीवर आयडल पुन्हा हलायला लागलं, इंजिनचा दिवा लागला. दुसऱ्या मिस्त्रीने स्कॅनर लावला, कोड पी०५०७, म्हणजे आयडल हवं त्यापेक्षा जास्त. इंजिनातून बारीक सूंऽ आवाज येत होता. थ्रॉटलच्या पुढची व्हॅक्यूमची नळी अर्धवट बसवलेली, तिथून जास्तीची हवा आत जात होती. ती दाबून बसवली, लर्निंग केलं, ३०० रुपये घेतले. वर विचारतो, "नवीन थ्रॉटल? हा तर गाडीबरोबर कंपनीतून आलेला जुनाच दिसतोय." मेव्हण्याकडून फोटो मागवला. ओरखडा तोच, स्टिकरवरचा नंबरही तोच.

पोलीस चौकीत गेलो. "गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कुठंय?" फोटो दाखवले. "हा दिवाणी मामला आहे." फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे म्हटलं, तर साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की मीच गुन्हा करून आलोय. मग हद्दीचा घोळ. घर एका हद्दीत, गॅरेज दुसऱ्या. तिथे गेलो तर अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. शिक्का! अख्ख्या चौकीत! कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विनवलं, पार्ट जुना आहे एवढंच लिहून द्या. मॅनेजर तोंडाने दोनदा "हो, जुनाच आहे" म्हणाला, कागदावर एक अक्षर नाही. 'बाहेरच्या कामाबद्दल आम्ही लिहून देत नाही.' आणखी एका कार्यालयात म्हणे पक्कं बिल आणा. अहो, पक्कं बिल मिळालं असतं तर मी तुमच्या बाकड्यावर बसलो असतो का?

म्हणून सांगतो, जुना पार्ट काम सुरू व्हायच्या आधी मागा, नंतर नाही. खोलण्याआधी स्टिकरच्या नंबरचा फोटो काढा. कुणी 'थ्रॉटल गेली' म्हणालं तर पहिला प्रश्न: लर्निंग केलं का, कोड काय आला, दाखवा. नळ्या आणि गॅस्केट तपासा. चावी चालू असताना झडपेला बोट लावू देऊ नका. आणि पैसे भावाच्या, मेव्हण्याच्या नंबरवर तर अजिबात टाकू नका.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते. मी कच्ची पावती, यूपीआयचा उतारा आणि दोन्ही फोटो लावून केली.

तेव्हापासून मिस्त्रीचा फोन येतोय. "मालक, पाच हजारात मिटवून घ्या की." नाही मिटवत. पूर्ण २२,९०० पाहिजेत. तुमच्याकडेही अशी पावती असेल, गाडीला केबल नाही आणि कागदावर 'आयडल मोटर' लिहिलंय, तर ती फाडू नका. मला कळवा, दोघांच्या तक्रारी झाल्या तर त्याला 'गैरसमज' म्हणता येणार नाही.