इंजिन चालू, बल्ब बंद: जुना जनरेटर ठेवावा की इन्व्हर्टरवाला घ्यावा?

नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरी आई पाच लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या मशीनवर आहे. मशीन साधारण ३५० वॅट खातं. घरच्या १५० एएचच्या बॅटरीवर ते जेमतेम चार तास निघतं आणि मे महिन्यातल्या वादळात तारांवर झाड पडलं की लाइन तेवढ्यात येईलच असं नसतं. म्हणून घरात पेट्रोलचा जनरेटर ठेवावाच लागतो. आधी साधा एव्हीआरवाला (एव्हीआर म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग) होता, दोन वर्षांपासून इन्व्हर्टर जनरेटर आहे. तुमचा जुना जनरेटर चालतो पण करंट देत नाही, आणि दुरुस्त करावा की बदलावा अशा पेचात असाल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल.

आवाज, वजन, पेट्रोल किती पितो हे दुकानदार सांगेलच. माझा निर्णय ज्यावर झाला ती गोष्ट त्याच्या पत्रकात नसते.

पहिल्यांदा झालं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं, आवाजही नेहमीसारखाच. पण एक्स्टेन्शनला लावलेला बल्ब काही पेटेना. एमसीबी वर-खाली करून पाहिला, दुसरं सॉकेट पाहिलं, वायर बदलली. बॅटरीत दोनेक तास उरले होते आणि आईच्या उशाशी असलेल्या राखीव सिलिंडरच्या काट्याकडे मी सारखा बघत होतो. सकाळी मिस्त्री आला, त्याने सॉकेटला मल्टिमीटर लावला. आकडा जवळजवळ शून्य. "इंजिन चांगलं आहे जी, मॅग्नेट उतरला," एवढंच म्हणाला.

साध्या जनरेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या भागात, कायमचं चुंबक नसतं. लोखंडात मागच्या वेळचं थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्यावर सुरुवातीचे चार-पाच व्होल्ट तयार होतात. एव्हीआर तेच कार्बन ब्रशमधून रोटरला परत देतो आणि व्होल्टेज चढत चढत २३० वर जातं. हातपंपात आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तसंच हे. ते शिलकीतलं चुंबकत्व उतरलं की इंजिन कितीही फिरवा, हाती काही लागत नाही. मशीन महिनोन् महिने पडून राहिलं, किंवा लोड चालू असतानाच पेट्रोल संपून बंद पडलं, की हे होऊ शकतं.

इलाज सोपा आहे, हे मान्य करायला हवं. मिस्त्रीने इंजिन बंद ठेवून ब्रशवरून एव्हीआरच्या वायरी काढल्या, १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस प्लसच्या ब्रशला आणि मायनस दुसऱ्याला दोन-तीन सेकंद लावला, वायरी परत जोडल्या आणि इंजिन सुरू केलं. २३० व्होल्ट! प्लस-मायनस उलटं होऊ द्यायचं नाही, एवढीच काळजी. ब्रश नसलेल्या, कपॅसिटरवाल्या मशीनची तऱ्हा वेगळी. तिथे आधी कपॅसिटर पाहावा, पण त्यात चार्ज साठलेला असतो, म्हणून ते काम माहीतगारावरच सोडलेलं बरं.

पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. या वेळी मात्र मल्टिमीटरवर चार व्होल्ट दिसत होते. हा फरक लक्षात ठेवा: चार-पाच व्होल्ट दिसत असतील तर मॅग्नेट शाबूत आहे, दोष ब्रश, स्लिप रिंग (रोटरवरच्या ज्या कड्यांना ब्रश टेकतात त्या) किंवा एव्हीआरमध्ये शोधायचा. आमच्याकडे दमट हवेने स्लिप रिंगवर काळपट थर चढला होता आणि एक ब्रश झिजून आखूड झाला होता. बारीक पॉलिश पेपर आणि नवे ब्रश, काम झालं. तिसऱ्या वेळी मी पेट्रोल बघायला विसरलो, कूलर आणि कॉन्सन्ट्रेटर चालू असतानाच टाकी कोरडी झाली आणि मॅग्नेट पुन्हा उतरला. तोवर बॅटरीचा झटका द्यायला मी शिकलो होतो, पण आईला धाप लागलेली असताना टॉर्च तोंडात धरून ब्रश शोधायचे, हे मला नको झालं.

दरमहा वीस मिनिटं थोडा लोड देऊन चालवला तर हा त्रास बराच टळतो. मी कॅलेंडरवर खुणाही केल्या होत्या. ऑगस्टमधली खूण पाळली गेली नाही.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाबरोबर कायमचे चुंबक फिरतात. त्यामुळे करंट सुरू व्हायला शिलकीतल्या चुंबकत्वाची गरजच नसते. तयार झालेल्या करंटचा आधी डीसी होतो आणि मग आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्याचा स्वच्छ २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसी करून देतो. साध्या मशीनला ५० हर्ट्झसाठी बहुधा ३,००० आरपीएम धरून ठेवावे लागतात. आमचा कूलर सुरू झाला की इंजिन क्षणभर दबायचं, बल्ब मंद व्हायचा आणि कधी कधी कॉन्सन्ट्रेटर अलार्म द्यायचा. नव्यावर तो अलार्म मी अजून ऐकलेला नाही. आणि इथे कूलर बंद ठेवून चालत नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

म्हणून हा बिनत्रासाचा आहे असं मात्र म्हणणार नाही. लोड जास्त झाला की लाल दिवा लागतो, इंजिन चालू राहतं आणि करंट तुटतो. पहिल्यांदा मी घाबरलो, वाटलं यालाही तोच रोग. सगळे प्लग काढून, इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की हिरवा दिवा येतो. फ्रिज लावायचा असेल तर इकॉनॉमीचं बटण आधी बंद करावं, नाहीतर कॉम्प्रेसर उचलताना इंजिन मागे पडतं. आणि बोर्डच गेला तर? तो राळेत गच्च बसवलेला असतो, आमच्या भागातला एकही मिस्त्री तो उघडत नाही, बदलावाच लागतो. मला मशीनचेही साध्याच्या जवळपास दुप्पट मोजावे लागले. ज्यांना हे जड जातं त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

काटोलला माझ्या साळ्याची संत्र्याची बाग आहे. त्याचा जनरेटर साधाच आहे, दर आठवड्याला पंपावर चालतो, आणि गेल्या सहा वर्षांत मॅग्नेट उतरल्याचं त्याच्याकडून मी ऐकलं नाही. पंपाची मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. माझा एकदा तिथे नेऊन पाहिला, लाल दिवा लागून गप्प झाला. मशीन रोज राबणार असेल, मोटर उचलायची असेल, मिस्त्री हाकेच्या अंतरावर असेल, तर जुनाच ब्रश आणि एव्हीआर घालून चालवा, मीही तेच करीन. पण वर्षातले दहा महिने जिन्याखाली झाकून ठेवायचा आणि नेमक्या वादळाच्या रात्री काढायचा असेल, तर माझा कल इन्व्हर्टरवाल्याकडे आहे.

काही गोष्टी दोघांनाही सारख्याच लागू. पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवलं की कार्ब्युरेटर तुंबतो, म्हणून ठेवताना टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा. मशीन अंगणातच लावा, व्हरांड्यात किंवा खिडकीखाली नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. घराच्या वायरिंगला जोडायचं असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, नाहीतर तुमचा करंट उलटा खांबावर चढतो आणि तिथे लाइनमन काम करत असतो.

इन्व्हर्टरवाला घ्यायचं ठरलंच तर बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानात जाताना घरचा कूलर किंवा तेवढाच लोड सोबत न्या, लावून पाहा, आणि बोर्डाची वॉरंटी किती महिन्यांची आहे ते बिलावर वेगळं लिहून घ्या.