लिम्फोमाची ट्रायल: स्वतः शोधायची की डॉक्टरांमार्फत?

काल मावसभावाचा फोन आला. मामांचा लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, दुसऱ्या केमोनंतर उलटलाय. ट्रायल, म्हणजे नव्या औषधाची पेशंटवरची चाचणी, आपण शोधायची की डॉक्टरांवर सोडायची?

सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) ही अशा चाचण्यांची आपली सरकारी ऑनलाइन नोंदणी. 2009 पासून इथल्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद तिथे सक्तीची आहे. शोधायला पैसे लागत नाहीत, वेळ मात्र भरपूर जातो. नुसतं ‘लिम्फोमा’ टाकून भागत नाही. बायोप्सी रिपोर्टवरचं नेमकं नाव हवं, डिफ्यूज लार्ज बी-सेल की फॉलिक्युलर. मग एकेक नोंद उघडून भरती सुरू आहे का ते बघायचं. ही माहिती कधी कधी जुनी असते, म्हणून दिलेल्या नंबरवर फोन करायलाच हवा.

पात्रतेत डॉक्टर सरस. किडनी, हृदय, आधीची औषधं त्यांना ठाऊक असतात आणि बहुतेक पेशंट याच अटींवर अडतात. पण त्यांना आपल्याच रुग्णालयातल्या ट्रायल आधी आठवतात.

खर्चात फरक नाही. चाचणीचं औषध सहसा मोफत, प्रवास-मुक्काम मात्र विचारून घ्या. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे.

आजार वेगानं वाढत असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. फॉलिक्युलरसारखा सावकाश असेल, किंवा गावात हेमॅटॉलॉजिस्टच (रक्तविकारतज्ज्ञ) नसेल, तर आधी सीटीआरआयवरून यादी काढा आणि ती घेऊन टाटासारखं मोठं केंद्र गाठा. सोबत बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा नमुना) न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.