कॉम्प्युटर ते रिसीव्हर: एचडीएमआय की ऑप्टिकल?

कॉम्प्युटरचा आवाज रिसीव्हरला (स्पीकर चालवणारा डबा) न्यायला परभणीच्या घरी मी एचडीएमआय (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी) आणि ऑप्टिकल (फक्त आवाज नेणारी) अशा दोन्ही वायरी लावून पाहिल्या. रिसीव्हरला एचडीएमआय असेल तर तीच घ्या. ८ चॅनलचा न दाबलेला (अनकम्प्रेस्ड) आवाज, डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे सिनेमाच्या आवाजाचे उच्च दर्जाचे प्रकार, सगळं तिच्यातून जातं. ऑप्टिकलमधून ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आवाज जातो, पण डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबूनच. साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, फक्त २ चॅनल. म्हणून ऑप्टिकलवर मागचे स्पीकर गप्प राहिले की लोक वायर बदलत बसतात. वायर चांगलीच असते, तिची मर्यादाच तेवढी.

एचडीएमआयचा त्रास वेगळा. आमच्याकडे लाईट गेली-आली, की रिसीव्हर उशिरा चालू होतो आणि तोवर कॉम्प्युटरनं आवाज भलतीकडेच वळवलेला असतो. आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी कॉम्प्युटर, हा क्रम पाळा. तरी आवाज नसेल तर साउंड सेटिंगमध्ये आवाजासाठी रिसीव्हर निवडलेला (डिफॉल्ट) आहे का बघा.

ऑप्टिकल प्रकाशावर चालते, म्हणून अर्थिंग धड नसलेल्या जुन्या घरात तिच्यातून घुंई घुंई येत नाही. हा गुण मला फार मोलाचा वाटतो. तपासणीही सोपी: रिसीव्हरकडचं टोक काढून तळहातासमोर धरा, लाल ठिपका दिसला पाहिजे. नव्या वायरीच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी मात्र आधी काढा.