पुण्यात कॉलेजला आलात आणि ओळखीचं कोणी नाही? ढोल पथक लावा (माझा रिव्ह्यू)

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की आमच्या लातूरकडच्या ज्युनिअर पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला, ताई पुण्यात कॉलेज लाइफ कसंय, पार्ट्या-बिर्ट्या असतात का. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथेच लिहिते.

माझा मावसभाऊ ह्यूस्टनला राइस युनिव्हर्सिटीत आहे, तिथे अमेरिकेतल्या बाकी ठिकाणांसारखं फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी (मुलामुलींचे खास क्लब) प्रकरण नाहीच, पण आल्या आल्या प्रत्येकाला एका रेसिडेन्शियल कॉलेजशी, म्हणजे कॅम्पसवरच्या एका हॉस्टेल-गटाशी, जोडून टाकतात, मग जेवण, पार्ट्या, भांडणं सगळं त्याच्याभोवती, म्हणजे ग्रुप आयता मिळतो. आपल्याकडे फ्रॅट पण नाही आणि ते पण नाही. लेक्चर संपलं की पुण्यातली मुलं गाडी काढून घरी, बाहेरगावची पीजीवर, आणि रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा कळतं की सोबत जेवायला जाईल असं आपलं कोणी नाहीये. कोरेगाव पार्क, बाणेरला पब आहेत, पण महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि बाकी दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे फर्स्ट इयरवाल्यांसाठी तो विषयच नाही. आणि समजा गेलात तरी ज्यांच्यासोबत जाता त्यांच्यासोबतच परत येता, नवीन ओळख कुठे होते? कॉलेजचं आर्ट सर्कल मस्त असतं, पुरुषोत्तम-फिरोदिया या आंतरकॉलेज स्पर्धांच्या तालमी म्हणजे वेगळंच जग, पण तिथे ऑडिशन असते आणि जागा मोजक्या.

गणपतीच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्या ढोल पथकाला मात्र ऑडिशन नाही. वेळेवर या आणि शिका, बास.

पावसाळा लागला की वाद्यपूजन होतं आणि सराव सुरू, आमचा नदीपात्रात असायचा, संध्याकाळी सुरू आणि रात्री दहाच्या आत बंद. पहिले काही दिवस तर ढोल हातात पण देत नाहीत, नुसतं उभं राहून मांडीवर ‘हात’ (वाजवायचा ठेका) बसवायचा, मग ढोल कमरेला बांधायला शिकवतात. बांधणं नीट जमलं नाही तर पाठीची वाट लागते, त्यामुळे पहिला महिना कोणीतरी दादा नाहीतर ताई रोज मागे उभं राहून गाठ मारून देतात, आणि तिथेच निम्मी ओळख होते, कारण ज्याच्या हाती आपली गाठ त्याच्याशी न बोलून कसं चालेल. उजव्या हातात टिपरू (ढोल वाजवायची काठी), डावा हात थापेला. डाव्या हाताची बोटं फुटतात, मग सगळे गोल करून बसतात आणि एकमेकांच्या बोटांना चिकटपट्टी लावून देतात, माझ्या बोटांना पहिल्यांदा पट्टी लावणारी मुलगी आज माझी रूममेट आहे.

आमच्या रांगेत एका बाजूला बँकेत काम करणाऱ्या काकू होत्या, दुसऱ्या बाजूला बारावीचा पोरगा, मागे सीए करणारा एक जण. तुझं कॉलेज कुठलं, आडनाव काय हे विचारायला कोणाला सुचतच नाही, तू काल का नाही आलीस हे मात्र सगळे विचारतात. घरापासून लांब राहणाऱ्या पोरीला हा प्रश्न कोणीतरी विचारणं काय असतं ते मी शब्दात नाही सांगू शकत. सराव संपला की वडापाव नाहीतर अमृततुल्यचा चहा, आणि रविवारच्या रात्रीचा प्रॉब्लेम पण सुटला, कारण पंधरा-वीस जणांना एकदम भूक लागलेली असते.

आणि मिरवणूक! पांढरे कपडे, कमरेला शेला, लक्ष्मी रोडला दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, पुढे ध्वज नाचतोय, ताशाने तर्री (सलग कडकडाट) उचलली की पन्नास ढोल एकदम पडतात आणि तो आवाज कानाआधी पोटात कळतो. अलका टॉकीजच्या चौकात पोचेपर्यंत हात आपले राहिलेले नसतात आणि तरी कोणालाच थांबायचं नसतं. दारूचा थेंब नाही, एंट्रीचं तिकीट नाही, इतकी नाचलेली मी दुसऱ्या कुठल्याच पार्टीत नाही.

आता जे पटलं नाही ते. आवाज खरंच घातक आहे, 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासनतास कानावर पडणं चांगलं नाही आणि सराव त्याच्या कितीतरी वर असतो, तरी आमच्या पथकात इअरप्लग लावणाऱ्याला नाजूक म्हणायचे, हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं. दुसरं, सुट्टी मागितली की तोंडं वाकडी व्हायची, माझी इंटर्नल होती त्या आठवड्यात पण ‘पथक आधी’ ऐकवलं, असं नका करू रे, मुलं शिकायला आलीयेत. मुलींना रात्री रूमवर सोडायची सोय मात्र आमच्याकडे पक्की होती, दोन गाड्या पुढे-मागे असल्याशिवाय कोणी निघायचं नाही, तुम्ही जिथे जाल तिथे हे पहिल्या दिवशीच विचारा, आणि उत्तर गोलगोल आलं तर दुसरं पथक बघा, पुण्यात कमी नाहीत.

फी पथकागणिक वेगळी असते, ड्रेसचा खर्च वेगळा, गणपती मंडळाकडून येणाऱ्या पैशाचं काय करतात ते पण मोकळेपणाने विचारा, चांगली पथकं स्वतःहून हिशोब सांगतात. ढोलाला पान (ज्यावर वाजवतात तो पडदा) कुठलं आहे तेही बघून घ्या, चामड्याचं पावसात उतरतं आणि मग ताणत बसण्यात संध्याकाळ जाते, फायबरला तो त्रास नाही, आवाजाचा गोडवा मात्र चामड्यालाच.

विसर्जनानंतर एकदम रिकामं वाटतं, त्याची तयारी ठेवा. आमच्यातले काही जण मग रविवारी सिंहगडला जायला लागले आणि तो ग्रुप अजून टिकून आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा कानांचा कापला. हॉस्टेल मिळालं की लगेच चौकशी करा, गणपती तोंडावर आल्यावर नवीन वादक सहसा घेत नाहीत. येताना इअरप्लग, चिकटपट्टी, पाण्याची बाटली आणि एक जुना सुती दुपट्टा घेऊन या.