ट्रेल शूज, नऊ महिन्यांनंतर: वेताळ टेकडी, सिंहगड आणि मधला डांबरी रस्ता

हे ट्रेल शूज, म्हणजे कच्च्या वाटांवर धावायचे बूट, जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतले, आता मार्च लागलाय. घड्याळात 640 किलोमीटर दिसतात. निम्मे पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचे, महिन्यातून दोनदा सिंहगड, आणि उरलेले घर ते टेकडी अशा डांबरी रस्त्याचे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, एका जोडीवरून कुणाला नावं ठेवायची नाहीत.

आधी मापाचं. दुकानात बायकांच्या ट्रेल शूजच्या दोनच जोड्या होत्या, दोन्ही मला लहान. शेवटी पुरुषांचा सहा नंबर घेतला, माझ्या नेहमीच्या बुटांपेक्षा अर्धा नंबर मोठा. उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठा टोकाला आपटत राहतो, म्हणून पुढे बोटभर जागा हवीच; नाहीतर नख काळं होतं. खरेदीला संध्याकाळी जा, पाय थोडे फुगलेले असतात. मोजेही धावायचेच घालून जा.

पुरुषी साच्यामुळे टाच मात्र सैल. सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने पहिल्यांदा उतरले आणि दोन्ही टाचांना फोड आले. उपाय बुटातच होता. सगळ्यात वर एक जादा भोक असतं, आपण ते कधी वापरत नाही. दोन्ही बाजूंना त्यात नाडीचा छोटा फासा करायचा, समोरची नाडी त्यातून ओवायची आणि मग गाठ मारायची. टाच जागची हलत नाही.

आता पकड. सुटा मुरूम, घसारा, ओलं गवत: झकास. ज्या उतारावरून मी रोडचे बूट घालून चक्क बसून उतरले होते, तिथे आता धावते. काळ्या चिकणमातीत मात्र लग्जमधल्या, म्हणजे तळाच्या रबरी खुंट्यांमधल्या, फटी बुजतात आणि तळ भाकरीसारखा सपाट होतो. ओल्या कातळाचं तर विचारूच नका. जुलैत सिंहगडावर शेवाळलेल्या दगडावरून उजवा पाय सटकला, कोपर फुटलं. मी तिथेच बसलेली असताना एक आजोबा ॲक्शन ट्रेकिंगचे साधे बूट घालून, कुणाशी तरी फोनवर बोलत, त्याच दगडावरून उतरून गेले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लग्ज मातीत रुतायला असतात. कातळावर रबरच कामाला येतं. मऊ रबर धरतं पण लवकर झिजतं, कडक टिकतं पण घसरतं. माझं कडक निघालं. मी दुकानात लग्जची उंची बघत बसले, रबर नखाने दाबून बघायचं सुचलंच नाही.

वॉटरप्रूफ घेतले नाहीत, ते बरं झालं. आपल्या पावसात पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि अशा बुटात ते अडकून बसतं. जाळीच्या बुटातली पचपच थोडं धावलं की कमी होते. पण त्याच जाळीने ऑक्टोबरात सूड उगवला. कुसळं! जाळीतून शिरून मोज्यात घुसतात आणि पावलागणिक टोचतात. एका रविवारी गॅलरीत बसून चिमट्याने एकेक उपसत होते, चहा दोनदा गार झाला. आता जुन्या मोज्यांचे वरचे भाग कापून बुटाच्या तोंडावर चढवते. दिसतं भयंकर, चालतं उत्तम.

झीज: मुलाच्या वर्नियरने मोजलं. नवे असताना लग्ज 5 मिमी होते, टाचेच्या बाहेरच्या कडेला आता 2.8 उरलेत. आतल्या बाजूला अजून चार मिमी आहेत. टेकडीपेक्षा डांबरानेच खाल्ले असा माझा संशय आहे. डिसेंबरात पुढून सोल उघडला. कंपनीला मेल केला, तर ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’ असं उत्तर आलं. कोपऱ्यावरच्या मोचीकाकांनी बूट हातात घेतला, उघडलेल्या फटीत अंगठा घातला आणि विचारलं, “गच्चीवर उन्हात वाळवता ना?” वाळवत होतेच. ऊन लागून डिंक सुटतो, म्हणाले. साठ रुपयांत शिवून दिला. टाके अजून शाबूत आहेत. आता आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवते.

तयारीबद्दल थोडंसं. दात घासताना एका पायावर उभी राहते, जमायला लागल्यावर डोळे मिटून. घोटे त्यानेच सुधारले. सिंहगडाचा चढ दमवतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडवतो तो उतार. म्हणून पहिले दोन महिने उतार फक्त चालत केला, नंतर छोटी पावलं टाकत, नजर तीन-चार पावलं पुढे ठेवून. आणि वेळेचा नाद सोडा. रस्त्यावर माझे पाच किलोमीटर 34 मिनिटांत होतात, टेकडीवर 45 लागतात.

पुढच्या जूनसाठी मऊ रबराची जोडी बघतेय. ती डांबरावर झिजवायची नाही, म्हणून टेकडीच्या पायथ्यापर्यंत स्कूटरने जाणार. “धावायला जायला स्कूटर?” असं नवरा विचारतोय. विचारू दे.